दॉ खिन हसली की

दॉ खिन हसली की मी घाबरायची. लिहिताना हे विचित्र वाटतं, कारण तिच्याइतकी गोड हसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. बारीक अंगकाठी, गालांवर चंदनासारख्या उगाळलेल्या खोडाचे पिवळट पट्टे, अंबाड्यात प्लास्टिकचं फूल, आणि हसताना तोंडावर घेतलेला हात. कोणालाही वाटावं, बाई सुखात आहे. पण तिच्या हसण्याचा अर्थ एकदा कळल्यावर, ते हसू कानावर आलं की मी आधी दार बघायची, मग गॅसची शेगडी बघायची आणि मग नवरा कामावरून आलाय का ते बघायची.

सत्तरचं दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही कतारमध्ये उम्म सईदला राहायला गेलो. आता त्याला मेसईद म्हणतात. एका बाजूला कारखान्यांच्या चिमण्या, एका बाजूला बंदर, आणि उरलेल्या सगळ्या बाजूंना वाळू. आमचे हे कारखान्यात इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. मी नाशिकहून लग्न करून थेट त्या वाळूत येऊन पडले. मुळात मी भित्री. पाल दिसली तर खोली सोडणारी. तिथे तर घाबरायला कारणं शोधावी लागत नव्हती. वारा फिरला की अमोनियाचा वास स्वयंपाकघरात यायचा. पोलिसाची जीप नुसती रस्त्यावरून गेली तरी मी पडदा ओढायची. आणि सगळ्यात मोठी भीती इकाम्याची. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो गेला की आपण गेलो, हे तिथल्या बायकांनी मला पहिल्याच आठवड्यात चहाबरोबर पाजलं होतं.

कंपनीच्या बैठ्या घरांच्या रांगेत आमच्या शेजारी ब्रह्मदेशातलं हे जोडपं राहायचं. मागचं अंगण दोघांचं जवळजवळ एकच, मध्ये कमरेएवढी भिंत. ऊ टुन बंदरातल्या टगबोटीवर इंजिनिअर होता. कंपनीच्या ऑफिसात त्याला सगळे ‘मिस्टर यू’ म्हणायचे, कारण पासपोर्टवर सुरुवातीला तेच अक्षर होतं. ‘ऊ’ म्हणजे काका, थोरल्या माणसाला आदरानं लावायचा शब्द, हे त्यानं कधी कोणाला सांगितलं नाही. साहेबाची चूक साहेबाला कशी दाखवायची? ‘दॉ’ म्हणजे मावशी. मावशीला आपण अगं-तुगंच करतो, म्हणून मीही दॉ खिनला ‘ती’ म्हणते. पंचेचाळिशीची होती, माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठी.

तिचं हिंदी रंगूनमधल्या हिंदुस्थानी दुकानदारांकडून आलेलं. त्यात बाई-पुरुष असा भेद नव्हता.

“हमारा नाम खिन, क्योंकि हम सोमवार को पैदा हुआ,” तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं. त्यांच्यात वारावरून नावाचं अक्षर ठरतं. ऊ टुन शनिवारचा. आडनाव नाही, बापाचं नाव नाही, लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावायची पद्धत नाही. मी तिला माझी गोष्ट सांगितली. माहेरी मी शकुंतला होते, लग्नात ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं ‘माधवी’ लिहिलं आणि शकुंतला संपली. तिला हे इतकं भयंकर वाटलं की तिनं माझा दंड धरला.

“तो शकुंतला किधर गया?”

 

तिच्या रीतीभाती मी चुका करत करत शिकले. पहिली मोठी चूक होळीची. मी पुरणपोळ्या केल्या आणि दोघांना जेवायला बोलावलं. आता आमच्याकडचा आग्रह म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. पानात पोळी पडल्याशिवाय वाढणारीचं समाधान होत नाही, आणि खाणाऱ्यानं ‘पुरे, पुरे’ म्हणत ताटावर आडवा हात धरायचा असतो. दॉ खिननं हात आडवा धरलाच नाही. मी वाढत गेले, ती खात गेली. दर पोळीला उजवा हात पुढे, डावा हात उजव्याच्या कोपराला लावलेला, आणि चेहऱ्यावर हसू. मला वाटलं, बाईला पोळ्या काय आवडल्यात! दुसऱ्या दिवशी ती अंगणात दिसली नाही, तिसऱ्याही दिवशी नाही. शेवटी ऊ टुन भिंतीपाशी येऊन, मान खाली घालून म्हणाला, “पेट थोड़ा... नहीं नहीं, ठीक है, बहुत अच्छा खाना था.”

मग त्यानं मला त्यांचा एक शब्द समजावला. त्यांच्यात ‘आना’ म्हणतात. आपल्या ‘भीड’च्या जवळचा शब्द. पण आपली भीड दोन आग्रहांत मोडते, त्यांची मोडत नाही. नाही म्हटलं तर समोरच्याचं मन दुखेल, काही मागितलं तर समोरच्यावर भार पडेल, म्हणून नाही म्हणायचं नाही आणि मागायचंही नाही. दॉ खिन मासळीचा तो उग्र वासाचा मसाला परतायची तेसुद्धा आधी अंगणात येऊन, हात वर धरून वारा बघून. वारा आमच्या घराकडे असला तर त्या दिवशी नुसता भात आणि वरण. हे मला कितीतरी महिन्यांनी कळलं.

त्या होळीनंतर ती कधी कोणासमोर जेवली नाही. मी दारात दिसले की ताट झाकून बाजूला सरकवायची आणि पदर नसतानाही पदर सारखा केल्यासारखा हात खांद्यावर न्यायची.

दुसरी चूक दोरीची. एकदा मी कपडे वाळत घातले होते. वर दोरीवर माझा परकर, खाली भिंतीवर ह्यांचा शर्ट. ती भिंतीपलीकडून बघत राहिली आणि मग तोंडावर हात घेऊन हसायला लागली. मला वाटलं, परकराला भोक आहे की काय! तिनं खुणेनं परवानगी विचारली, भिंत ओलांडून आली आणि कपड्यांची अदलाबदल केली. बाईचं कमरेखालचं वस्त्र पुरुषाच्या कपड्याच्या वर आलं, किंवा पुरुष त्याखालून गेला, तर त्याचं तेज जातं. तिच्या अंगणात म्हणूनच दोन दोऱ्या होत्या. वरच्या दोरीवर ऊ टुनच्या चौकड्यांच्या लुंग्या, खालच्या दोरीवर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तिच्या. वाळूचं वादळ आलं तरी हा क्रम चुकायचा नाही. मी तिची टिंगल केली, पण संध्याकाळी ह्यांना सांगून आमच्याकडेही दुसरी दोरी बांधून घेतली. परक्या मुलखात नवऱ्याचं तेज जाऊन चालणार नव्हतं.

आणि मग भोंगा. एका दुपारी कारखान्याचा भोंगा वाजायला लागला तो थांबेना. अशा वेळी दारं-खिडक्या लावून, फटींना ओले टॉवेल घालून घरात बसायचं, असं आम्हाला बजावलेलं होतं. हे कारखान्यात.  तेवढ्यात दॉ खिन मागच्या दारानं आली, हातात ओले टॉवेल, आणि खुदुखुदु हसत होती. मला असा संताप आला! माझा नवरा आत, बाहेर भोंगा बोंबलतोय, आणि ही हसतेय.

“हँसती क्यों है?” मी ओरडले.

तिनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. तोंडातून हसू बाहेर पडत होतं आणि डोळे माझ्यावर नव्हते, दाराखालच्या फटीवर होते. तो सराव होता हे मागाहून कळलं. भोंगा थांबल्यावर ती म्हणाली, “डर लगता है तो हम हँसता है. अपना डर दूसरे को क्यों देना?”

त्या दिवसापासून तिच्या हसण्याची मला भीती बसली.

तिच्या लग्नाची गोष्टही अशीच बोलता बोलता निघाली. मी विचारलं, तुमचं लग्न कसं लागलं? ती म्हणाली, “ऊ टुन ने थाली से भात लिया. उसी थाली से हमने लिया. माँ-बाप देखा, पड़ोसी लोग देखा. खलास.”

“आणि कागद? सर्टिफिकेट?”

“काग़ज़ किसलिए? पड़ोसी है ना.”

त्यांच्या रिवाजात लग्न असं असतं. दोघं राजीखुशीनं एकत्र राहिली, एका ताटात जेवली, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना नवरा-बायको मानलं, की लग्न झालं. मी तेव्हा खूप हसले. बँड नाही, आहेर नाही, रुसवेफुगवे नाहीत!

वर्षभरानं त्याच गोष्टीनं आमची झोप उडवली.

बायकोच्या इकाम्यासाठी लग्नाचा दाखला पाहिजे, असं त्या सुमारास सगळ्यांना सांगण्यात आलं. आमच्याकडे होता. रांगेतल्याच फर्नांडिसबाईंकडे चर्चचा होता. दॉ खिनकडे काय असणार? पासपोर्टवर तिचं नाव एक, त्याचं दुसरं, दोघांना जोडणारं आडनाव नाही. मायदेशाहून काही मागवावं तर असला कागद तिथे नसतोच, आणि तिथल्या सरकारची दोघांना इतकी धास्ती की पत्र पाठवतानासुद्धा ऊ टुन दोनदा विचार करायचा. तिकडून कोणी ‘परत या’ म्हटलं तर? दाखला नसेल तर दॉ खिनला जावं लागणार. आणि नवरा-बायको नसताना एका घरात राहतात असं ठरलं तर नुसतं जाण्यावरही भागणार नव्हतं.

हे सारं मला तिनं सांगितलं नाही. ती रोज दुपारी वाटी घेऊन यायला लागली. कधी चहाच्या पानांचं लोणचं, त्यांच्याकडे चहा पितात तसा खातातही, कधी शेंगदाणे आणि तळलेला लसूण. वाटी द्यायची, खुर्चीच्या टोकावर बसायची, हसायची आणि उठून जायची. दारापर्यंत जाऊन परत यायची. “कुछ नहीं,” म्हणायची. मला समजत होतं की काहीतरी झालंय, पण काय ते विचारायची माझी छाती नव्हती. हसू रोज वाढत होतं.

शेवटी इद्रीसनं सांगितलं. इद्रीस आमच्या कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी ऑफिसांतली कामं करणारा माणूस. सुदानी, पण मुंबईत राहिलेला, त्यामुळे हिंदी फर्डं. तो ह्यांना म्हणाला, “भाईसाब, साहेब लोग बोलता है, पड़ोसी गवाही देगा तो देखेंगे. मैंने उस औरत को दस बार बोला, बाजूवाले को पूछो. पूछती ही नहीं. हँसती है.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या सगळ्या वाट्या म्हणजे तिचं मागणं होतं.

ह्यांनी मात्र साफ नकार दिला. “अगं, तू पाहिलंयस का त्यांचं लग्न? मी पाहिलंय का? परक्या देशात सरकारी माणसापुढे उभं राहून शपथेवर सांगायचं, आणि उद्या काही वेगळं निघालं तर? आपलीच गठडी वळतील.”

ते चूक बोलत नव्हते. मलाही तीच भीती होती. शिवाय मनात एक किडा वळवळायला लागला होता. खरंच झालं असेल ना लग्न? नुसत्या भातानं लग्न होतं हे आपल्याला तरी कोणी सांगितलं, तिनंच ना? मी खिडकीशी उभी राहून त्यांचं अंगण बघत राहिले. वरच्या दोरीवर लुंग्या, खालच्या दोरीवर लुंग्या. दॉ खिन वाळलेले कपडे काढत होती. आधी वरचे काढले, घडी करून आत ठेवून आली, मग वाकून आपले काढले. तिथे बघायला कोणी नव्हतं. माझ्या मनातला किडा तिथेच मेला.

“मी पाहिलंय,” मी ह्यांना म्हटलं. “रोज बघते.”

 दुसऱ्या दिवशी ह्यांनी कामावरून सुट्टी मागितली.

आम्ही चौघं गाडीनं दोह्याला निघालो. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते आणि मध्येच विसरत होते. इकाम्याच्या ऑफिसात एक वयस्क अधिकारी होते, पांढरा शुभ्र पोशाख, जाड चष्मा, आवाज अगदी हळू. हळू आवाजाच्या माणसाची मला जास्त भीती वाटते. इद्रीस मध्ये उभा राहून एकाचं दुसऱ्याला सांगत होता. दोघांची नावं वेगळी का? बापाचं नाव कुठे आहे? लग्न कोणी लावलं? ऊ टुन मान खाली घालून उत्तरं देत होता. मग अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून दॉ खिनकडे बघितलं आणि थेट विचारलं, हा तुझा नवरा आहे का?

आणि दॉ खिन हसली.

तोंडावर हात घेऊन, खुदुखुदु. थांबेचना.  अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं.

“लेश तिधहकीन?” ते म्हणाले. ‘का हसतेस?’ हा त्याचा अर्थ मला इद्रीसनं सांगावा लागला नाही. इथे थट्टा चाललीय का, असा तो आवाज होता. ऊ टुनचा चेहरा पांढराफटक पडला. ह्यांनी माझ्या साडीचं टोक धरून मला मागे ओढलं. तोवर मी बोलायला लागले होते. माझ्या तोंडातून आवाज कसा निघाला ते देव जाणे.

“साहेब, ती घाबरली की हसते. भोंगा वाजला तेव्हा अशीच हसली होती. मला माहीत आहे, मी शेजारी राहते.”

इद्रीसनं सांगितलं. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, लग्न तू पाहिलंस? मी म्हटलं, नाही. मग ही त्याची बायको, हे तुला कसं माहीत?

मला दुसरं काही सुचलं नाही. मी दोऱ्यांची गोष्ट सांगितली. वरची दोरी, खालची दोरी, वाळूच्या वादळातही न चुकणारा क्रम, एकटी असतानाही आधी त्याचे कपडे काढणं. बायकांच्या कपड्यांबद्दल एका परपुरुषापुढे आपण बोलतोय हे लक्षात आलं तेव्हा माझे कान तापले. इद्रीसलाही सांगताना घाम फुटला होता.  अधिकाऱ्यांनी दॉ खिनच्या हाताकडे बघितलं. तोंडावरचा तो हात इतका थरथरत होता की बांगड्या वाजत होत्या. मग ह्यांच्याकडे बघून त्यांनी विचारलं, तुझी बायको सांगते ते खरं?

“खरं आहे,” हे म्हणाले. “मी तिच्याबरोबर साक्षीला आहे.”

शिक्का उमटला. एका वर्षापुरता. पुढल्या वर्षी पुन्हा यायचं, आणि साक्षीला हेच शेजारी आणायचे.

बाहेर आल्यावर दॉ खिननं आभार मानले नाहीत. तिनं खांद्यावरच्या झोळीतून एक छोटी डबी काढली आणि मला दिली, उजव्या हातानं, डावा हात कोपराला लावून. आत ते उगाळायचं खोड होतं. आमच्या देवघरातल्या सहाणेवर ते चंदनासारखंच उगाळलं जायचं.

पुढे दर वर्षी आम्ही चौघं दोह्याला जायचो. अधिकाऱ्यांना आमचे चेहरे पाठ झाले, शिक्काही लवकर पडू लागला. तरी तो दिवस जवळ आला की भिंतीपलीकडून हसण्याचे आवाज यायचे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ह्यांचा करार संपला. आम्ही परत जाणार हे मी तिला भिंतीपाशी उभी राहून सांगितलं. मी गेले कित्येक दिवस ते वाक्य गिळत होते. तिनं ऐकलं, आणि ती हसली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. साक्षीला हेच शेजारी. आणि शेजारी तर चालले.

“नवीन लोक चांगले असतील,” मी म्हटलं. “मी सांगून ठेवते त्यांना.”

“ठीक है, ठीक है,” ती म्हणाली. राहा असं म्हणाली नाही. तिला ते म्हणता येतच नव्हतं.

निघायच्या दिवशी सकाळी नवीन माणसं किल्ल्या घ्यायला आली. लाहोरकडचं तरुण जोडपं. मी त्या मुलीला स्वयंपाकघर दाखवलं, गॅस दाखवला, दोन दोऱ्या दाखवल्या. दोऱ्या दोन कशाला, असं तिनं विचारलं. मी सांगायला लागले तर तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

बाहेर, भर उन्हात, दॉ खिननं अंगणात चटई अंथरली होती. अगदी भिंतीलगत, आमच्या खिडकीसमोर. तिच्या केसांत ताजं पुसलेलं प्लास्टिकचं फूल होतं, गालांवर जाड पट्टे होते. ऊ टुन कामावर न जाता ठेवणीतली लुंगी नेसून मांडी घालून बसला होता. मध्ये एक मोठं ताट, त्यात भात. त्यानं घास घेतला. मग तिनं, जिनं मला कधी आपलं ताट दिसू दिलं नाही, त्याच ताटातून घास घेतला आणि मान वर करून खिडकीकडे बघितलं.

“ये आपके पड़ोसी हैं?” त्या मुलीनं विचारलं. “धूप में बैठ के खाते हैं?”

“मियाँ-बीवी हैं,” मी म्हटलं. “अच्छी तरह देख लो.”

गाडीचा हॉर्न वाजला. मी मागे वळून बघितलं तेव्हा दॉ खिनच्या तोंडात घास होता आणि ती हसत होती.